विलासची हरकत नाही

संगमनेर, शनिवार, नोव्हेंबर १९९८

विलास असं करेल? अजून खरं वाटत नाही. सहा वर्षं आम्ही दोघांनी मिळून गावात केबल ओढली. आता चॅनलवाले म्हणतात, आमचं चॅनल फक्त आम्ही ठरवलेल्या डीकोडरच्या पेटीतूनच दिसेल. त्यावर आज सगळ्या केबलवाल्यांची खुली चर्चा होती. पेटी कोणती हे एकाच कंपनीला ठरवू देऊ नका, ही हरकत काल विलासनेच लिहून काढली. "तू वाच, मी मागनं पाठिंब्याला उठतो," म्हणाला.

मी वाचली. मागे पाहिलं. विलास उठला आणि म्हणाला, "माझी काय हरकत न्हाई. पेटी चांगली हाय."

माझ्या हातात त्याच्याच अक्षरातला कागद! मग चॅनलच्या साहेबांनी जाहीर केलं, तालुक्यात पेट्या विलासरावच पुरवणार. म्हणजे काल लिहिताना त्याला सगळं ठाऊक होतं? कागदावर एक खाडाखोडसुद्धा नाही.

बाहेर त्याने माझ्याजवळ स्कूटर थांबवली. "तुला सांगणारच हुतो. बस, घरी सोडतो."

मी चालत आलो. बायकोने विचारलं, सभा कशी झाली? माईक खराब होता, एवढंच बोललो. ती विलासला राखी बांधते.