बंबाचा इसार

१२ डिसेंबर
तोंडात दात उरला न्हाय. कळंबच्या दातवाल्या डॉक्टरनं माप घेऊन ठेवलंय, पैसे दिले की कवळी. हुरड्याच्या आत पायजे. गेल्या साली सगळी आगटीभोवती हुरडा खात बसली आन् म्या त्यांची तोंडं बघत. शिसारी आली. ठरलं, तांब्याचा बंब इकायचा.

१३ डिसेंबर
नातीनं, राजनंदिनीनं, बंबाचा फोटो मोबाईलवर टाकला. मग मलाच शिकवायला बसली. आज्जे, पैसे यायला पिन लागत न्हाय. आज्जे, पैसे धाडल्याचा फोटो आला तर धरू नको, बँकेत इचार.
चाळीस वर्सं बाजारात शेरडं इकली म्या. बोकडाचे दात बघून वय सांगते, आन् माणसाचा आवाज ऐकून लबाडी. तरी नेम लिहून ठेवते. आधी पैसे, मग बंब.

१५ डिसेंबर
दिवसभर फोन. सगळी रिकामटेकडी. एकजण इचारतो, आजी, याची वायर कुठं लावायची? म्हणलं, तुझ्या नाकात. थूत्.

१७ डिसेंबर
पुण्याच्या रणधीर साहेबांचा फोन आला. मला आई म्हणतात. बंब बैठकीत शोभेला ठेवणार म्हणं. आंघोळीच्या भांड्याशेजारी पाव्हणे बसवणार, ही शहरातली अक्कल! पण भाव पाडला न्हाय. एक रुपया इसार पाठवला. खात्यात आला, राजनंदिनीनं बघितलं.
इसार घेतला, सौदा पक्का. आता कुणीबी येऊ द्या, बंब दुसऱ्याला न्हाय.

१८ डिसेंबर
शेजारची ताहेराबी रोख घेऊन आली. म्हणली, अक्का, गारठ्यानं नातवंडं न्हाईनात, बंब मला द्या. पदराची गाठ सोडतच हुती. म्हणलं, इसार घेतलाय.
किती?
एक रुपया.
मग म्हणली, जबान दिली तर दिली, आन् गाठ बांधून गेली.
वाईट वाटलं न्हाय. बाजारात माझं नाव उगाच न्हाय.

२० डिसेंबर, सकाळ
साहेबांनी पैसे धाडल्याचा फोटो पाठवला. हिरवी खूण, माझं नाव, सगळं हाय. राजनंदिनी कॉलेजला. तिनं सांगितलेलं ध्यानात हाय. पण इसार दिलेल्या माणसाची झडती घ्यायची व्हय? शेरडाच्या बाजारात असं केलं असतं तर परत कुणी माझ्या बोकडाच्या दाव्याला हात लावला नसता. साहेब म्हणले, आई, शनिवारी पैसे सावकाश दिसतात. खरंच आसंल. बँकेतली माणसंबी सावकाशच हालतात.

दुपार
कळंबचा टेम्पो आला. डायव्हर शांतलिंग. त्याला साहेबांचं तोंड ठावं न्हाय, साहेबांनी फोनवर सांगितलं तसं स्टँडवर पार्सलला टाकणार. चिंच लावून बंब लखलखीत केला हुता. भांडं रिकामं देऊ न्हाय म्हणून आत पसाभर ज्वारी घातली. टेम्पोचं भाडं म्याच दिलं. साहेब मागनं धाडतो म्हणले.

२३ डिसेंबर
पैसे दिसंनात. बँक लई मंद. साहेबांचा फोन बंद. मोठा माणूस, मिटिंगा आसतील.

२६ डिसेंबर
बँकेत गेले. पोरीनं पासबुक छापून हातात दिलं. साहेबांकडनं जमा, एक रुपया. फोटो दाखवला तर म्हणली, आजी, असला फोटो कुणीबी बनवतंय.
घरी राजनंदिनीनं फोनवर तक्रार लिहून दिली. मला कायबी बोलली न्हाय. बोलली असती तर उलटून चार शब्द तरी ऐकवले असते.
माझी चूक न्हाय. समोर आला असता तर दात बघूनच वळखला असता भडव्याला.

११ जानेवारी
ताहेराबीच्या वावरात हुरडा. सगळी चोळून चोळून बोकणे भरत हुती. तिनं माझ्यासाठी येगळा काढून खलबत्त्यात कुटला, गूळ घालून. वाटी हातात देत सगळ्यांदेखत म्हणली, अक्कांनी एका रुपयापायी माझी रोकड परत फिरवली, पर जबान मोडली न्हाय. समद्यांनी माना डोलावल्या.
मग इचारती, साहेबांनी कुठं ठेवलाय वो बंब?
म्हणलं, बैठकीत.
राजनंदिनीनं माझ्याकडं बघितलं. म्या तोंडात कूट भरलं.