मंगळवारी हमाम बंद असतो

सोमवार, ९ जानेवारी

बूट घालून आत आली! टाचांचे बूट, ओल्या फरशीवर. मी म्हटलं, "दलेंदाबाई, घसरून पडाल आणि नाव माझ्या हमामाचं होईल."

"आंघोळीला नाही आले, मबरूका. दोन शब्द बोलायचेत."

बोलायला हमामात? बोलायला हिला नगरपालिकेत अख्खी खोली आहे. दुकानं, परवाने, धूर, कचरा — सगळ्यांवर सह्या हिच्याच. पण मला कळलंच काय ते. मुलाचं बघतायत, महरेजचं. मुलगी रफीका शिंपिणीची एमना. पोरांनी आपापलं ठरवलंय म्हणे. आजकाल फोनवर ठरतं सगळं. तरी आया माझ्या गल्ल्यापाशी येऊन उभ्या राहतातच!

आवाज बारीक केला. "एमना लहानपणापासून तुझ्याकडे येते. तू पाहिलंयस तिला. अंगावर डाग, काही खोड? आईचं मन, म्हणून विचारते."

मी म्हटलं, "पाणी आज छान तापलंय. पंचा देऊ?"

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा पाण्याचंच सांगितलं. गेली.

टाचांच्या खुणा हनियाने पुसल्या. पुसता पुसता तोंड चालूच. "मोठी माणसं झाली ही. वर्ष झालं इथे अंग भिजवायला आली नाही. घरात टब बसवलाय म्हणे. टबात कुठे मळ निघतो? सूप होतं माणसाचं!"

हनिया बायकांची पाठ घासते. जीभ मात्र कुणी घासली नाही तिची.

मंगळवार, १०

बंद. हौद खरवडले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

गुरुवार, १२

दुपारभर बायका. उभं राहायला जागा नाही, आणि त्यात रफीका. एकटी, हातात संत्र्यांची पिशवी. गल्ल्यावर ठेवली.

"मावशी, एक शब्द बोला. पोर चांगली आहे, एवढंच."

"मी काही बोलत नसते."

"वाईट बोलू नका, ते समजलं. चांगलं बोलायला तुमचं काय जातं?"

हेच कुणाला समजत नाही! आज मी एमनाबद्दल "अगदी निर्मळ" म्हटलं. उद्या दुसऱ्या कुणाच्या मुलीबद्दल विचारलं आणि मी गप्प बसले — झालं! गावाला कळलं. एकदा चांगलं बोलले की माझं गप्प बसणंसुद्धा बोलणं होतं. म्हणून सगळ्यांबद्दल सारखंच गप्प. सासूने किल्ली हातात दिली तेव्हा एवढंच म्हणाली होती, "बाई इथे कपडे काढून बसते ती तुझ्या भरवशावर." दुसरं काही शिकवलं नाही. भट्टी कशी पेटवायची तेसुद्धा नाही.

रफीकाला सांगून बघितलं. ती आधी रडली, मग चिडली. "तुमच्या गप्प बसण्याने माझी पोर बुडेल! लोक म्हणतील, मबरूका बोलत नाही, म्हणजे काहीतरी आहेच!"

गेली. संत्री राहिली. मी संध्याकाळी परत पाठवली. दोन कमी कशी, ते हनियाला विचार, असा निरोपही दिला.

एमनाच्या अंगावर काय आहे, काय नाही, ते मी इथेही लिहिणार नाही. वहीला तोंड नसतं, पण माझ्या सुनेला डोळे आहेत.

सोमवार, १६

नगरपालिकेची दोन माणसं आली. एकाने धुराडं खालून बघितलं, दुसऱ्याने शेजारच्या गच्चीवरून. शेजाऱ्यांची तक्रार आहे. धूर घरात येतो, वाळत घातलेली चादर काळी होते. खोटं नाही ते. तेल गाळून उरलेला ऑलिव्हचा चोथा जाळतो आम्ही, त्याचा धूर जड. पण आमच्या महदिया गावात सगळे तोच जाळतात. दुसरं काय जाळायचं, समुद्र?

सालेम भट्टीवाला मधे पडला. "बंद करणार काय हो?"

"ते मॅडम ठरवतील," म्हणाला एकजण.

मॅडम! आठवड्यापूर्वी मॅडमना मी पाण्याचं सांगितलं. आज मॅडमची माणसं धुराड्याशी. एवढं जुळवायला शाळेत जावं लागत नाही. मी चौथीपर्यंत गेले, तेवढं पुरलं.

बुधवार, १८

एमना आली, एकटी. कोपऱ्यातली जागा, नेहमीची. हनिया घासायचा हातमोजा घालून निघाली होती, मी तिला बसवलं. स्वतः गेले.

"मावशी, आई आली होती ना? माफ करा तिला."

"माफी कसली! पाठ कर इकडे."

सहा वर्षांची होती तेव्हा डोळ्यात साबण गेला की मला चावायची. मनगटाला धरून चावायची, सोडायचीच नाही. आता शाळेत शिकवते. मी तिला आठवण करून दिली तर म्हणते, "अजून चावते. फक्त मुख्याध्यापकांना."

मग पाणी ओतता ओतता म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका हं. चांगलंसुद्धा नको. माझं काय सांगायचं, काय नाही, ते मी सांगेन. माझ्या तोंडाने."

"आणि लग्न मोडलं तर?"

"तर मोडलं. पण मी न सांगितलेलं कुणी बाहेरून ऐकलं, तर त्या घरात रोज सकाळी मी कशी उठू?"

मी तिच्या डोक्यावर भसकन पाणी ओतलं. डोळे माझे लाल झाले होते. वाफ फार होती आज.

शुक्रवार, २०

सालेम. हनिया, तिचा लंगडा नवरा. मुलगा-सून. मी. एवढ्या चुली या एका भट्टीवर. आणि एका शब्दावर.

सून म्हणाली, "आई, सांगून टाका काहीतरी. कोणाला कळणार?"

मला कळणार ना!

पण तिच्या बोलण्याने झोप लागत नाहीये, हेही लिहून ठेवते.

सोमवार, २३

दलेंदा परत आली. बंद करायच्या वेळी, शेवटची बाई गेल्यावर. या वेळी बूट दारातच काढले, लाकडी खडावा घातल्या आणि खट खट करत सरळ आतल्या बाकावर जाऊन बसली. कपडे अंगात, वर लोकरीची शाल. घाम गळतोय, पण शाल काढत नाही.

"दार लाव."

लावलं.

"इथलं बाहेर ऐकू जातं?"

"भिंत हातभर जाड आहे."

"एमनाला कोण घासतं? हनिया?"

"हनिया पाठी घासते. कोणाच्या ते मी सांगत नाही."

"मंगळवारी बंद असतं ना? आत कोण असतं?"

"मी आणि झुरळं. दलेंदाबाई, तुम्हाला हवंय काय?"

मग म्हणाली, "तुझ्या धुराड्याची फाइल माझ्या टेबलावर आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"तरी एमनाबद्दल नाही सांगणार? मला एकटीला? कुणाला कळणार नाही."

मग मी उठले. 'बाई', 'तुम्ही' वगैरे गळून पडलं.

"दलेंदा, भट्टी बंद करायची तर कर. मी भाजी विकेन. पण कोणा बाईचं अंग माझ्या तोंडातून बाहेर जाणार नाही. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा तुझी सासू याच बाकावर बसली होती. हाच प्रश्न! विचार तिला मी काय सांगितलं."

"ती वारली," म्हणाली. आणि हळूच, "काय सांगितलंस?"

"पाणी छान तापलंय, म्हणून सांगितलं!"

शाल खांद्यावरून घसरत होती. डाव्या हाताने सावरायला गेली, तर हात वर जाईना. उजव्याने कशीबशी ओढली. दुसरी कुणी असती तर मी सावरून दिली असती. नाही दिली. रागात होते.

जाताना खडावा जागेवर नीट ठेवल्या. धमकी द्यायला आलेलं माणूस खडावा नीट ठेवतं? असेल. सवय असेल.

मंगळवार, २४

बंद. कायमचं होईल तेव्हा कसं वाटेल, ते बघत नुसती बसले. थंड हमाम फार मोठा दिसतो.

गुरुवार, २६

रफीका समोरून गेली. सलाम नाही. बरं!

चोथ्याची गाडी आली होती. सालेमला म्हटलं, अर्धीच घे. तो काही न बोलता अर्धीच उतरवायला लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

रविवार, २९

हनियाने विचारलं, "मावशी, हमाम गेला तर मी काय करू? मला पाठीशिवाय काही येत नाही."

"पाठी सगळ्यांना असतात," म्हटलं. "घरोघर जाशील."

हसली. मग मोरीत तोंड धुवायला गेली. फार वेळ धूत होती.

मंगळवार, ३१

बंद. तरी दारावर थाप.

दलेंदा. एकटी. हातात तिची जुनी तांब्याची वाटी. साबण, केसांना लावायची माती, फणी, सगळं त्यात.

दारातच बोलली, आत यायच्या आधी. "माझ्या मनात एमना उन्हाळ्यातच पक्की झाली. तिचं जे सांगायचं ते तिने स्वतः सांगितलंय मला. गुरुवारी अंगठी घेऊन जातेय रफीकाकडे."

"मग मला कशाला विचारत होतीस?"

"तू सांगतेस का, ते बघायला. मला स्वतःला इथे येऊन बसायचं होतं." खाली बघितलं. "फाइलचं बोलले ते चुकलं. पण नुसतं विचारून मला खात्री पटली नसती. आणि धुराडं तुला उंच करावंच लागेल, ते सोडणार नाही. धूर खरंच लोकांच्या घरात जातो. सहा महिन्यांची मुदत दिलीय. सगळ्या भट्ट्यांना देते तेवढीच."

मी बाजूला झाले. ती आत आली. खडावा घातल्या. बाकावर बसली आणि खूप वेळाने शाल काढली. मग बाकीचं.

वर्षभर नवऱ्यालाही दाखवलं नव्हतं, म्हणाली. काय, ते लिहिणार नाही.

भट्टी थंड होती. सालेमला घरून बोलावलं, विचारू नकोस, पेटव म्हटलं. पाणी तापेपर्यंत तिच्या खांद्यावर माझाच पंचा टाकला आणि शेजारी बसले. डाव्या बाजूला हातमोजा नाही वापरला. नुसता हात.

आता दर मंगळवारी भट्टी पेटेल. हमाम बंद असतो, असंच सगळ्यांना सांगायचं.