सुकीआत्याचा अंगठा

मुलींचं वसतिगृह, पुणे
२१ जून २०२४

ती. मुकेशदादास, सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

स्त्री अभ्यासाच्या प्रकल्पासाठी मी आपल्या झरीतल्या बायांना एकच विचारत होते, ज्या शेतात लावणी करता ते कोणाच्या नावावर आहे? सुकीआत्या म्हणाली, अर्धं माझं, बापाने दिलेलं. मी तलासरीला जाऊन कागद काढले. तेरा वर्षांपूर्वी आपल्या बापूंनी तिचं हक्कसोडपत्र करून घेतलंय. रेशनकार्डाचं काम आहे सांगून तिला जीपमधून नेलं आणि अंगठा घेतला. साक्षीदार म्हणून सही तुझी आहे, दादा.

आत्याला मी सगळं सांगितलंय. बापू गेले, पण तू आहेस. तिचं तिला परत कर.

राग आला तरी लोभ सोडू नकोस.
तुझी, रोशनी

झरी, ता. तलासरी
२ जुलै

चि. रोशनीस, अ. आ.

मेलेल्या बापाला चोर ठरवायला तुला विद्यापीठात पाठवलं का? नवऱ्याने टाकल्यावर आत्याला बापूंनीच घरात घेतलं. वीस वर्षं ती आमच्या ताटात जेवते. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. बापू म्हणाले सही कर, केली.

आता आत्या आमच्या लावणीला येत नाही. हिरूकाकाने चार माणसांत मला विचारलं, पुण्यात पोरी हेच शिकतात का? तो विषय सोड, नर्सिंगला जा. नाहीतर दिवाळीला येऊ नकोस.

लोभाचं काय ते आता तूच ठरव.
मुकेश

झरी
१९ जुलै

चि. रोशनीस, सुकीआत्याचा आशीर्वाद.

लिहिते अंगणवाडीची जयश्री, बोलते मी.

मुकेशने आपलं पत्र टाकण्याआधी मला वाचून दाखवलं, धाक घालायला. मी विचारलं, "वीस वर्षं तुमच्या ताटात जेवले, तो भात कोणी लावला?"  मग ओहोळाकडचा अर्धा तुकडा मी एकटीने लावला. तो बांधावर उभा होता, अडवलं नाही. काल तलासरीच्या कचेरीत, अंगठा फसवून घेतला म्हणून अर्जही दिला. साक्षीदार कोण म्हणाले, तर मुकेशचंच नाव सांगितलं. खोटं बोलायचं तर माझ्या तोंडावर बोलू दे.

पण राग तुझ्यावरही आहे. प्रकल्पाची प्रत तू जयश्रीला पाठवलीस, तिने वाचून दाखवली. त्यात मी कोणी मंजुळा आहे. मला त्रास नको म्हणून नाव बदललंस, असं ती सांगते. त्रास सोसून झाला माझा. तुझ्या बापूसने मला शेतातून काढलं, तू कागदातून काढलंस. मला विचारलंस का?

सुकी लिही.

वेळेवर जेवत जा. रागावले तरी तू माझीच आहेस.
तुझी आत्या, सुकी