डोरोटाच्या नावापुढे कुठला देश

३ मार्च, इन्सब्रुक

अकरावी! फिगर स्केटिंगमध्ये जगातल्या सगळ्या ज्युनियर पोरींत आमची डोरोटा अकरावी! आणि तिकडे आपल्या देशाच्या टीव्हीवर काय चालू होतं? हॉकी! बर्फावरची, तीही हरलेली. मी अर्धवट छताखाली शिडीवर बसून मोबाइलवर बघितलं तिला. ती मोठी उडी नीट उतरली तेव्हा ओरडलोच. खालून रूडोकाका, आमचे मुकादम — "स्क्रू सांडू नकोस, चॅम्पियनच्या भावा!"

इतकं करून पोरीला रिंकवर वेळ मिळते ती पहाटेची. दिवसभर बर्फ हॉकीवाल्यांचा. त्यांनी उकरून ठेवायचं आणि हिनं त्यावर उड्या मारायच्या. तिच्या कोच हुडाकोव्हाबाई भांडून भांडून दमल्या.

९ मार्च

डोरोटाचा घोटा मुरगळला. हॉकीवाल्यांच्या चरीत पाय गेला. हाड शाबूत आहे म्हणे. मी भिंतीवर बुक्की मारली. प्लास्टरबोर्डची भिंत — हात आरपार. रूडोकाकांनी शिव्या देत नवा बोर्ड माझ्याकडूनच लावून घेतला.

२३ मार्च

आईचा फोन. आधी हवा, मग पाळलेल्या डुकराचं खाणं, मग हळूच — "तुला सांगू नको म्हणाली होती ती."

ऑस्ट्रियावाल्यांनी डोरोटाला बोलावलंय. कोन्राड म्हणून कोणी पोरगा आहे, त्याला जोडीनं स्केटिंग करायला जोडीदारीण हवी. ईस्टरनंतर जमतंय का ते बघायचं. जमलं तर करारावर सही. म्हणजे ह्यांच्या देशाकडून! पाटीवर तिच्या नावापुढे ऑस्ट्रिया!

दिवसभर ह्यांची छतं ठोकतो ते पुरत नाही? आता बहीण पण द्यायची?

जेवताना बोललो तर रूडोकाका म्हणाले, "आणि तू कुणाची छतं लावतोस रे? आपल्या राष्ट्रपतींची?" सगळे फिदीफिदी हसले. मी डबा तसाच ठेवून उठलो. छत वेगळं! छत लागल्यावर कोणी झेंडा चढवत नाही.

२४ मार्च

डोरोटाशी भांडलो.

"इथे काय कमी आहे तुला?"

"पोरगा."

"काय?"

"अख्ख्या देशात माझा हात धरून बर्फावर फिरेल असा एक पोरगा नाही, ब्लाझो. सगळ्यांच्या हातात काठ्या. आणि सहा वर्षांची असल्यापासून मी एकटीच गोल गोल फिरतेय."

फोन ठेवून दिला मी.

१९ एप्रिल, घरी

बसनं अंग मोडलं. घरात हॅम शिजतंय, आईचा ईस्टरचा पाव भट्टीत. बाबा मागच्या पायरीवर बसून ख्रेनचं झणझणीत मूळ किसत होते. त्यानं डोळ्यांतून पाणी येतंच, तेव्हा कोणी काही विचारलं नाही.

डोरोटा कोन्राडचं नाव घेत नाही. मीही नाही.

घोटा बरा आहे, पण जपायचा. आई मला म्हणाली, "सोमवारी पोरं येतील रे. ओढ्यात नेऊन बुचकळतात. तिथले दगड माहीत आहेत ना?"

म्हटलं, मी आहे.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

सकाळपासून गावभर किंचाळ्या. या दिवशी पोरांनी, अगदी घरातल्या भावांनीही, पोरींना भिजवायचं आणि वाळुंजाचे फोक मारायचे. जिला कोणी भिजवलं नाही ती वर्षभरात सुकते, असं म्हातारे म्हणतात. म्हणोत!

गावातला कामिल आणि त्याची अग्निशमन दलातली टोळी आली. हातपंपच आणला होता गाड्यावर घालून. मी फाटकात उभा राहिलो.

"चला, फुटा. तिचा पाय दुखावलाय."

"मग पाय सोडून बाकीची भिजवतो की!" कामिल.

सगळे खिदळले. मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, आत आलास तर दात खिशात घालून घरी जाशील.

कॉलर झटकत म्हणाला, "राहू दे रे. तशीही ती आता तिकडचीच."

आणि गेले. पंप घेऊन पुढच्या घरी. तेव्हाच हाणायला हवा होता त्याला!

आत आलो तर डोरोटा स्वयंपाकघरात बसलेली. नक्षीचा ब्लाउज, जुने बूट, पुढ्यात रंगवलेल्या अंड्यांची टोपली, पोरांना द्यायला. दुपारपर्यंत तशीच बसली. दुपारनंतर कोणी येत नसतं.

आईनं विचारलं, "कोणीच नाही आलं?"

"नाही," डोरोटा म्हणाली.

मी हॅम चावत राहिलो. पाय वाचला ना? मग झालं तर! अंडी आईनं सोलून सॅलडमध्ये घातली.

२४ एप्रिल, इन्सब्रुक

रूडोकाकांना सांगितलं.

"सगळ्यांना हाकललंस? फाटकातनं?"

"अहो, तिचा घोटा —"

"गाढवा! माझ्या बहिणीकडे एका वर्षी कोणी फिरकलं नव्हतं. साठी उलटली तिची, अजून काढते ते."

दिवसभर टाळकं सणकलेलं. कुणावर ते कळेना.

२ मे

कोन्राडबरोबर जमलं. परवा सही करणार.

कामिलला फोन करून शिव्या घातल्या. तर म्हणतो, "तूच हाकललंस की आम्हाला, येड्या!"

तिला वाटतंय गावानं तिला टाकली. म्हणून चाललीय. सांगायला हवं. उद्या सांगतो.

३ मे

सांगितलं. पोरं आली होती, पंपासकट आली होती, मी परत पाठवली.

डोरोटा म्हणाली, "माहीत आहे. खिडकीतून बघत होते."

"मग कोणी आलं नाही असं आईला का म्हणालीस?"

"वाट बघत होते, मागून येतील म्हणून. आपलं मागचं कुंपण कमरेएवढं आहे, ब्लाझो. गेल्या वर्षी डॉक्टरांच्या पोरीला बापानं कोंडून ठेवलं, तर हीच पोरं माळ्याच्या खिडकीतून उतरली. माझ्या वेळी तू एकदा ओरडलास आणि पोरं गेली."

मी म्हटलं, देश म्हणजे कामिल नाही!

"नाहीच. हुडाकोव्हाबाई पण आहेत. त्यांनीच सांगितलं, जा."

मग म्हणाली, "सरावात उचलताना कोन्राडच्या हातून मी निसटले. पडताना तो आधी खाली गेला, मी त्याच्यावर. त्याचा खांदा सुजलाय. दुसऱ्या दिवशी परत उचलायला उभा."

त्या कोन्राडचाही राग आला. धड राग धरण्यासारखं एक तरी करायचं होतं त्यानं!

४ मे

सही झाली. संध्याकाळी तिनंच फोन केला. म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. पोरांचं सोड. तू तर घरातच होतास. त्या सोमवारी दारामागे बादली भरून ठेवली होती मी, तुझ्यासाठी. पाणी कोमट केलं होतं."