आप्पासाहेबांच्या सुबाभळी

॥ श्री ॥
हर्सूल, ५ एप्रिल २०२५

ती. मल्हारीदादास मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र का, असं म्हणशील. दादा, तू फोनवर शेळ्या हाकल्यागत बोलतोस. तुझा शब्दन् शब्द भिंतीपलीकडं आप्पासाहेबांना ऐकू जातो, आणि आजची गोष्ट त्यांच्याबद्दलचीच आहे.

आप्पासाहेब म्हणजे आमचे शेजारी, रिटायर झालेले मास्तर. माणूस सज्जन, पण भिंतीला लागून लावलेल्या त्यांच्या सुबाभळी आता आमच्या घराच्या दुप्पट झाल्यात. अंगणात ऊन म्हणून उतरत नाही. एरवी मी बोलले नसते, पण मे महिन्यात आपल्या तनुजाचं लग्न आहे आणि रुखवतात कुरडया मांडायच्यात. सुपारीच्या दिवशी तिच्या होणाऱ्या सासूबाई, खुलताबादच्या कडूबाई, चारचौघींत म्हणाल्या की शहरातल्या बायका कुरडया विकत आणतात. मला आला राग. मी बोलून बसले की माझ्या लेकीच्या रुखवतात घरच्याच कुरडया असतील, त्याही मोगऱ्यासारख्या पांढऱ्या.

गहू भिजवले, चीक काढला, पहाटे उठून शिजवला, सोऱ्यानं कुरडया पाडल्या, आणि ऊनच नाही! सगळ्या आंबल्या. पत्र्यावर घालून पाहिल्या तर घसरून नालीत गेल्या. आप्पासाहेबांना टोमणा मारला की झाडं लई वाढलीत हो तुमची. ते खूश होऊन म्हणाले की शेणखत घालतो, तुम्हालाही देऊ का. अशा माणसाशी भांडावं तरी कसं? ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात पंखा लाव.

माझं नाक कापलं गेलं तर जाऊ दे, पण पोरीला पहिल्या दिवसापासून सासूचे टोमणे बसतील, याची मला धास्ती आहे. तूच काहीतरी कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझी मनकर्णा


॥ खंडेराया प्रसन्न ॥
पिशोर, १० एप्रिल

चि. सौ. मनकर्णास मल्हारीदादाचे अ. उ. आ.

पत्र पावलं. मी ओरडतो हे खरं नाय, तुमच्या शहरातल्या लोकांचे कान नाजूक झालेत.

सुबाभूळ हे काय संकट हाय का, बये? तो तर शेळ्यांचा फराळ. इथं रानात पाला उरला नाय, शेळ्या माझ्याकडं वैऱ्यागत बघतात. रविवारी टेम्पोत चार शेळ्या आणि पाला पाडायची आकडी घेऊन येतो. मास्तरांशी मी बोलतो, तू मधी तोंड घालू नकोस. पुढच्या चिकाचे गहू बिनघोर भिजत घाल. पोरीचा मामा अजून जिता हाय.

आशीर्वाद इकडून भरपूर, लोभ तेवढा तिकडून यावा.

तुझा दादा


॥ श्री ॥
हर्सूल, २० एप्रिल

ती. मल्हारीदादास शि. सा. न. वि. वि.

तू येऊन गेलास, बरं वाटलं. आप्पासाहेबांना तर इतकं बरं वाटलं की अजून तुझंच नाव घेतात. त्यांनी चहा पाजला, तू आकडी चालवलीस, शेळ्या फुगल्या, आणि तुम्ही दोघं शाळूसोबत्यांसारखे त्याच सावलीत घोरलात. मग तू खुशीत टेम्पोत बसून गेलास.

दादा, जाताना वर पाहिलंस का? आकडी पोचली तिथवरच्या बाजूच्या फांद्या गेल्या, शेंडे जागच्या जागी. शेंडा तोडायचा नसतो, त्यावर पुढच्या सालाचा पाला असतो, हा आपल्या आबांचा नियम तू इथंही पाळलास! शेळ्यांचं पोट भरलं, मला कवडसासुद्धा नाही. उलट खाली पाल्यात एवढं भगदाड पडलंय की आप्पासाहेब खुर्ची टाकून आमचं अंगण बघत बसतात.

दुसऱ्या चिकाच्या कुरडया घातल्या, तर त्यांनी भगदाडातून विचारलं की सावलीत वाळवायची ही नवी पद्धत का. मला रडूच आलं. विहिणीचा टोमणा, लेकीचं रुखवत, सगळं सांगून टाकलं. बिचारे वरमले. म्हणाले की ताई, माझ्या गच्चीवर दिवसभर ऊन रखरखतंय, तुम्ही मला एक शब्द तरी सांगायचा होतात. आमच्या डोक्यावर पत्रे, त्यामुळं गच्ची नावाची वस्तू माझ्या ध्यानातच आली नव्हती. त्यांनी स्वतः प्लास्टिकच्या कागदासकट कुरडया उचलून वर नेल्या. कबुतरं येऊ नयेत म्हणून छत्री घेऊन राखण केली. काय शुभ्र वाळल्यात म्हणून सांगू! राखणदार अधूनमधून ओल्याच खात होता, पण मी तिकडं कानाडोळा केला.

तुझ्यावर रागावलेय, तरी लोभ करावा.

मनकर्णा


पिशोर, २६ एप्रिल

चि. सौ. मनकर्णास अ. उ. आ.

आबांचा नियम पिशोरात पाळायचा आणि हर्सुलात मोडायचा, असं हाय का? आणि मी भगदाड पाडलं नसतं तर मास्तरांना तुझ्या कुरडया दिसल्या असत्या का? म्हणजे काम माझंच झालं.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो. मास्तरांना कितीही छत्री धरू दे, लग्नात तनुजाच्या पाठीशी मामा म्हणून मीच उभा राहणार. ती जागा कुणाला देऊ नकोस. बाकी राग सोडावा.

तुझा दादा


॥ श्री ॥
हर्सूल, ४ मे

ती. मल्हारीदादास शि. सा. न. वि. वि.

मामा तूच रे बाबा. आधी कालची गोष्ट ऐक.

कडूबाई बस्त्यासाठी शहरात आल्या आणि न सांगता आमच्या दारात उतरल्या. मी कुरडई तळून पुढं ठेवली. त्यांनी उजेडात धरून पाहिली, मोडली, चावली. नाव ठेवायला जागा नव्हती. घरचीच का, असं विचारलं. मी व्हय म्हणणार, तोच आप्पासाहेबांनी भगदाडातून अभिमानानं सांगितलं की आमच्या गच्चीवरची आहे! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

कडूबाई पदर सावरून उठल्या, भगदाडापाशी गेल्या आणि हळू आवाजात आप्पासाहेबांना विचारलं की पुढच्या उन्हाळ्यात ती गच्ची मोकळी असेल का. मग सांगितलं की त्यांच्याही शेजाऱ्याची झाडं माजलीत. कित्येक उन्हाळे झाले, त्या बाजारातून कुरडया आणतात आणि घरच्या म्हणून वाढतात! हे सांगताना त्यांनाच आधी हसू फुटलं. मग आम्ही दोघी एकमेकींना धरून इतक्या हसलो की तनुजा घाबरून बाहेर आली.

जाताना त्यांनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या की विहीणबाई, कुरडया पाडायला मला बोलवा, एकटीनं सोऱ्या दाबून हात मोडून घेऊ नका. दादा, लेक कुठल्या घरी जातेय म्हणून मला झोप लागत नव्हती. काल लागली.

वहिनी-पोरांना घेऊन आठवडाभर आधीच यावं. लोभ मागत नाही, तो घेऊनच यावं.

तुझी मनकर्णा