कलिंगडावर ढकललेलं दुखणं

प्रिय क्लिम,

ही चिठ्ठी ट्रकवाल्या जुमाशच्या हाती देतोय. पाकीट दोनदा चिकटवलंय, फोडलेलं दिसलं तर त्याचे कान उपट. वाचायला मजुरांपासून लांब, कालव्याकडे जाऊन बस. रविवारी मळ्यावर आलो होतो ते हेच तोंडाने सांगायला. पण दोन तास तुझ्या खोपीपुढे बसून कांद्याचं पाणी आणि कलिंगडाचे वेल एवढंच बोललो, आणि शेपूट घालून परत आलो. तू पाय फाकवून चालत होतास. खोपीमागे लघवीला गेलास तेव्हा कण्हलास, तेही मी ऐकलं. इकडे तुझी व्हेनेरा माझ्या रोझापाशी येऊन रडून गेली. चार महिने तू तिला जवळ येऊ देत नाहीस, म्हणजे मळ्यावर बाई ठेवलीय असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. येत्या शनिवारी ती बॅग भरून ताश्कंदला आईकडे निघणार होती, आणि आज बुधवार आहे.

बाई नाही हे मला ठाऊक आहे, कारण तुझं जे झालंय ते माझं झालं होतं. आता लाज सोडून लिहितो, तूही लाज सोडून वाच. तीन वर्षांपूर्वी मी बाल्काश तळ्याकडचा मळा केला होता, आठवतं? जुलैत लघवीच्या जागी, पुढच्या कातडीखाली खाज सुटली. मग लाली, दह्यासारखा पांढरा थर आणि वास. कातडी मागे ओढायला गेलं की बारीक चिरा पडायच्या. मी म्हटलं धूळ आहे, घाम आहे, खताचे हात लागले असतील. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत घरदार सोडून खोपीत राहायचं, कालव्यात बुडी मारली की झाली अंघोळ, ही या परक्या मुलखात वसलेल्या आपल्या कोरियन माणसांची रीतच. तहान तर अशी, की बादली तोंडाला लावावी. तासातासाला लघवी. पण कलिंगडाच्या मळ्यात सगळेच दिवसभर कलिंगड खातात आणि सगळेच बांधावर उभे असतात! मजूर हसायचे, "त्रोफिम अंकल एकटेच अख्खा मळा भिजवतात." मीही हसायचो. कपडे ढिले झाले तेव्हा म्हटलं, उन्हाने वाळलो.

त्यानंतर केला तो गाढवपणा. बियाणं भिजवायची जांभळी पूड होती ना, तीच पाण्यात कालवली. बियाण्याला लागते तेवढी कडक, वांग्याच्या रंगाची. बियाणं सोसतं, माणसाची कातडी नाही सोसत. सालटं निघाली. वर धुण्याचा साबण घासला, म्हणजे स्वच्छतेत कसूर नको. दोन दिवस पाय जवळ घेता येईनात. दवाखान्यात जायची हिंमत नव्हती. गुप्तरोगाच्या दारातून आत गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सगळ्या उश्तोबे गावाला माहीत होतो, आणि तिथे पहिला प्रश्न असतो, "कोणाकडे गेला होतात?" सप्टेंबरात घरी आलो तर रोझाने अंथरूण वेगळं केलं. "मळ्यावरून काय घेऊन आलात ते तिकडेच ठेवून या," म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतक्या थंडपणे कधी बोलली नव्हती. मी आत बसून रडलो, क्लिम.

शेवटी तिनेच मला ओढत डॉक्टर कुल्याश सेइतोव्हना बाईंकडे नेलं, म्हणजे पाप एकदाचं उघडं पडावं म्हणून. बाईंनी तपासलं, आणि कोणाकडे गेला होतात हे विचारलंच नाही. विचारलं, "पाणी किती पिता?" रक्त, लघवी तपासली. साखर! लघवीतून साखर जाते, ती ओल कातडीखाली राहते आणि तिथे बुरशी माजते, सूज येते. बॅलनायटिस म्हणतात, आणि बाई म्हणाल्या की हे सर्दीपडशासारखं सर्रास होतं, फक्त कोणी सांगत नाही. "तुमच्यात सुंता नसते, मग रोज कातडी मागे घेऊन धुवायला कोणी शिकवलं नाही?" कोण शिकवणार! आपल्या बापाने कांदा लावायला शिकवलं. मग रोझाकडे वळून म्हणाल्या, "नवऱ्याला शिव्या कसल्या घालताय, कलिंगड काढून घ्या त्याच्या हातातलं." रोझा तिथेच हसली आणि तिथेच रडली.

मला दिलेलं मलम तुला पाठवत नाही, तुझं तुला बाई बघून देतील. पण आजपासून एवढं कर: साबण बंद, पूड बंद. उकळून कोमट केलेल्या साध्या पाण्याने हलक्या हाताने धू, टिपून कोरडं कर, कातडी पुन्हा पुढे आण, रोज धुतलेली चड्डी घाल. जोर करू नकोस. कातडी मागे जाऊन अडकली, लघवी तुंबली किंवा ताप चढला तर ट्रकची वाट बघू नकोस, ट्रॅक्टरवर बसून तडक नीघ. मला दोन आठवड्यांत आराम पडला. साखरेवरच्या गोळ्या मात्र जन्माच्या आहेत. रोझा कामाला जाताना रोज त्यांचीच आठवण करून देते.

आता जे लिहायला बसलो ते. त्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, वडील कशाने गेले? मी म्हटलं, पायाची जखम चिघळून. त्या पेन ठेवून म्हणाल्या, "हे घराण्यात चालतं. भाऊ आहे का? त्याला याच आठवड्यात घेऊन या." तुला आणायचं म्हणजे मला कुठे खाज सुटली हे तुला सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, "नाही, मी एकटाच." रोझा बाहेर औषधं घेत होती, तिला कालपर्यंत माहीत नव्हतं. तीन वर्षं तुझ्या रक्तात काय चाललं असेल हे ठाऊक असून मी तुझ्या शेजारी बसून कलिंगड कापून तुला फोडी दिल्या. काल मी हे सगळं रोझा आणि व्हेनेरा दोघींसमोर बोललो. व्हेनेरा म्हणाली, "भाऊजी, तुमच्याशी नंतर भांडेन. आधी त्यांना आणा." उद्या सकाळी जुमाश परत फिरेल, त्याच्या शेजारी बस. व्हेनेरा आणि मी दवाखान्याच्या दारात उभे असू, कोणाला बघायचं ते बघू दे. आत मी पहिला जाईन, आणि बाईंना सांगेन की मी खोटं बोललो होतो, मला भाऊ आहे.

तुझाच, शिव्या खायला तयार असलेला,
त्रोफिम