दत्तारामची सहा मिनिटं

१० जाने. १९८०, गुरुवार
दिवसभर वायरिंग, संध्याकाळी गोऱ्यांच्या क्लबात प्रोजेक्टर. आमच्या कंपनीचा इंजिनियर साहेबच क्लबाचा सेक्रेटरी. त्यानं लंडनहून फिल्मचा डबा मागवलाय. तीन छोट्या फिल्म, क्युबा देशातल्या. आधी चालवून पाहिल्या. कडेची भोकं फाटलेली, सांधे आंधळ्यानं केल्यासारखे. सगळे नीट केले.
एकीत बाया पावाच्या रांगेत. एकीत न्हावी. तिसरीत ऊसतोड्यांची बराक. गाणं नाही, मारामारी नाही. साहेब म्हणतो, "नो स्टोरी. जस्ट लाइफ." आखातात येण्याआधी मी ज्या टुरिंग टॉकीजला ऑपरेटर होतो, तिथं ही लावली असती तर पब्लिकनं तंबू उपटला असता.
आठ-दहा गोरे आले. दोघे झोपले.

११ जाने., शुक्रवार
साहेबाला विचारून प्रोजेक्टर आमच्या कामगार कँपात आणला. भिंतीला चादर. चित्राखालची इंग्रजी अक्षरं हसनभाईनं मराठीत वाचून दाखवली. हसनभाई दापोलीकडचा, कंपनीत स्टोअर क्लार्क, आमच्या खोलीत झरझर इंग्रजी वाचणारा तेवढाच, मी अडखळत.
खोलीतला दत्ताराम सुरुवातीला, "गानी कदी लागतात?" पावाची रांग आली तेव्हा उठून मशेरी लावायला गेला. बराक आली आणि दारातच थांबला. लोखंडी खाटा, खाटेच्या दांडीवर वाळत घातलेलं बनियन, एक म्हातारा गुडघ्यावर कागद ठेवून पत्र लिहितोय. हसनभाईनं वाचलं, "मी घरी लिहितो, इथं सगळं ठीक आहे." खोली जी हसली!
तीनदा लावायला लावली. क्युबा कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही.

१८ जाने.
दत्ताराम माझ्या खालच्या खाटेवर झोपतो. संगमेश्वरचा. काम ब्लास्टिंगचं: मोठ्या नळीतून वाळू मारून लोखंडाचा गंज काढायचा. तोंडाला फडकं. आठ दिवस एकच भुणभुण, "माजी पन काड. त्येंची हाय, आपली कोन काडनार?"
साहेबाला सांगितलं. त्यानं क्लबाचा छोटा कॅमेरा दिला, दोन रिळं दिली. म्हणाला, खोटं काही काढू नकोस.
मला कशाला शिकवतो.

२५ जाने., शुक्रवार
शूटिंग. दत्ताराम केसाला तेल लावून, हसनभाईचं घड्याळ घालून उभा. घड्याळ काढ म्हटलं. म्हणाला, घरी फोटो धाडताना सगळेच घालतात, तूही घातलंवतंस. खरं आहे. तरी काढायला लावलं. तासभर रुसला.
मासे साफ करताना काढला. खाटेवर पाय चोळताना काढला. नळावर कपडे धुताना उबळ आली. वाकला, नळाला धरून राहिला, मान लाल. मी बटण सोडलं नाही. रीळ संपेपर्यंत तो खोकत होता.
एवढा खोकतो हे मलाही असं समोर धरून पाहिलं तेव्हा कळलं. माहीत नव्हतं असं कसं म्हणू? नोव्हेंबरात कंपनीनं सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले. त्याचं कार्ड घेऊन मीच आत गेलो होतो. "माजा काडला तर घरी धाडतील," म्हणाला होता. यंत्रावरच्या माणसानं तोंडाकडेही पाहिलं नाही. माझ्या छातीवर याचं नाव लागलं, दोघे फिट.

२६ जाने.
आवाज टेपवर घेतला. त्यानं बायकोला नेहमीसारखं टेपवर पत्र सांगितलं, मी माइक धरला. खोली थंडगार हाय, काम हलका हाय, जेवान बरा हाय, तू काळजी करू नको. मधे चारदा खोकला.
फिल्मबरोबर हीच टेप लावणार.

२८ फेब्रु., गुरुवार
रिळं धुऊन आली. कापली, जोडली. सहा मिनिटं झाली. चित्रात बराक आणि कानावर "जेवान बरा हाय". मला स्वतःला गलबलून आलं. आजवर दुसऱ्यांची फिल्म चालवली, ही माझी.
हसनभाईला दाखवली. त्यानं एवढंच म्हटलं, "नळावरचा तेवढा काप. टेपवरचाही."
म्हटलं, तो कापला तर राहिलं काय? पर्यटन खात्याची जाहिरात?
"राहील काय ते मला माहीत नाही. दत्ताराम राहील."
दत्तारामला विचारलं. "तुला कलतं ता कर. तू ऑपरेटर." नाही कापला.

६ मार्च, गुरुवार
क्लबात लावली, क्युबाच्या बराकीनंतर लगेच. टेपचं इंग्रजी करून कागद वाटले होते. संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते. साहेबानं खांद्यावर हात ठेवला. दहा वर्षांत पहिल्यांदा.
पुढच्या रांगेतला एक जण जवळ आला. हा माणूस कोण, कुठल्या कामावर, खोकला किती दिवस? मला वाटलं, कौतुकानं विचारतोय. नाव सांगितलं. ब्लास्टिंग सांगितलं. दोन पावसाळे झाले, तेही सांगितलं.
नंतर साहेब म्हणाला, तो कंपनीचा नवा डॉक्टर.

९ मार्च
दत्तारामला सलमानिया हॉस्पिटलात नेऊन छातीचा फोटो काढला. मग डॉक्टरच्या ऑफिसात मलाच दुभाषा म्हणून बसवलं. दिव्यासमोर दोन फोटो शेजारी शेजारी. आजचा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला. नोव्हेंबरचा स्वच्छ.
डॉक्टर म्हणाला, चार महिन्यांत एवढं होत नाही. विचार त्याला, मधे कुठं गेला होता?
मी विचारलं. दत्ताराम माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "नाय." मी इंग्रजीत सांगितलं, नाही.
माझीच छाती समोर टांगलेली आणि मी

१३ मार्च
निकाल. नोव्हेंबरचा फोटो चांगला, सबब वाळूचा संबंध नाही, आजार बाहेरचा. अनफिट. व्हिसा कॅन्सल. कागदावर सही घेतली, कंपनीवर काही दावा नाही म्हणून. वाचून मीच दाखवला.
हसनभाईला सांगितलं, साहेबाकडे जातो, नोव्हेंबरचं सांगतो. म्हणाला, "जा. मग तिघं जाऊ. तू लबाडीत, तो लबाडीत, नि फोटोंची यादी केली म्हणून मी. तुझ्या घरी किती तोंडं? जा, नाहीतर बस खाली."
बसलो. भित्रा आहे मी. दुसऱ्याचा खोकला उघडा करायला मात्र धीर होता.

२० मार्च
मुहर्रकला विमानतळावर पोचवला. हसनभाईनं घड्याळ त्याच्या हातात घातलं, ठेव म्हणाला. दत्तारामनं शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो. आत जाताना वळला, "पन फिलिम झ्याक झाली हां."
खालच्या खाटेवर रविवारी नवा माणूस येतोय. तोही ब्लास्टिंगला.

१७ एप्रिल
साहेब म्हणतो, आणखी एक काढ. फिल्म लंडनला पाठवायची म्हणतो, तिथं अशाच फिल्म दाखवतात. वेळ नाही म्हटलं. क्युबाचा डबा परत पॅक केला. म्हाताऱ्याचं पत्र लिहिणं पुन्हा चालवून पाहिलं नाही.

२८ मे, बुधवार
रजेवरून आलेल्या एकाबरोबर दत्तारामची टेप आली. खोलीत सगळ्यांनी ऐकली. मी बरा हाय. गावचं पाणी लागलं, खोकला पळाला. ही टेप साहेबाला ऐकव, सांग दत्ताराम ठणठणीत झाला, परत बोलवा. ब्लास्टिंगवरच घ्या, काय हरकत नाय.
सगळे खूश. खरंच सबंध टेपेत एकदाही खोकला नाही. हसनभाई म्हणाला, "अल्लानं ऐकलं बघ."
मग मी एकटा कानाला लावून बसलो. खट्. "साहेबाला माजा." खट्. "सलाम सांग." खट्. दर दोन-चार शब्दांनी बटण दाबून मशीन थांबवलंय. उबळ गेली की पुन्हा चालू. सांधे मला ऐकू येतात, दुसऱ्या कुणाला येणार नाहीत. साहेबाला तर नाहीच. ऐकवली तर कदाचित बोलावतीलही. नोव्हेंबरचा फोटो आहेच चांगला.
दोन्ही बाजू ऐकल्या. एक सबंध वाक्य कुठंच नाही.
उद्या गुरुवार. साहेब सातला क्लबात येतो.